बाबांची एक चप्पल

मागच्या वर्षी एप्रिलमधली गोष्ट. बाबा संध्याकाळी फिरून घरी आले. आईनं दार उघडलं आणि विचारलं, "अहो, दुसरी चप्पल कुठं आहे?"

बाबांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून दादानं लिहिलं, "बाबा, म्हातारपण आलं!" दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल दूध डेअरीच्या वळणावर सापडली आणि विषय संपला.

आज तो फोटो पाहिला की मला हसू येत नाही. डेअरीपासून रामबागेतल्या आमच्या घरापर्यंत सहज तीनशे पावलं होतात. इंदूरचा एप्रिल, दिवसभर तापलेला डांबरी रस्ता. एक माणूस एका अनवाणी पायानं तीनशे पावलं चालत आला आणि त्याच्या पायानं त्याला काहीच सांगितलं नाही. याचा अर्थ घरात आमच्यापैकी एकालाही कळला नाही. बाबांना मधुमेह होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

अर्थ कळला तो मे महिन्यात. देवळात अभिषेक होता, भर दुपारी. दगडी फरशी इतकी तापलेली की आम्ही सगळे उड्या मारत प्रदक्षिणा घालत होतो. बाबा मात्र शांतपणे, एकेक पाऊल टाकत अकरा प्रदक्षिणा चालले. शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "श्रद्धा असावी तर अशी!" आम्हालाही अभिमान वाटला.

दोन दिवसांनी आई फरशी पुसत होती. तिला बाबांच्या खुर्चीपाशी ओले डाग दिसले. पाणी सांडलं असेल म्हणून तिनं पुसले. डाग पुन्हा उमटले. मग तिनं बाबांचा पाय उचलून पाहिला. डाव्या चवड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा फोड येऊन फुटला होता. बाबा त्याच पायावर दोन दिवस भाजी आणायला, बँकेत, सगळीकडे जाऊन आले होते.

"केव्हा सुरू करताय?"

डॉक्टरांनी फोड नंतर पाहिला. आधी त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं. त्यांच्या हातात मासे पकडायच्या गळाच्या दोरीसारखा नायलॉनचा जाडसर धागा होता. तो पायाला टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा. लागला की बाबांनी "हो" म्हणायचं.

मी समोरच उभी होते. डॉक्टरांनी अंगठ्याला धागा लावला, तो वाकला. बाबा गप्प. करंगळीला लावला. बाबा गप्प. चवडा, तळवा, टाच अशा पायावरच्या ठरलेल्या जागा एकेक करून झाल्या. दोन्ही पाय मिळून फक्त दोन ठिकाणी बाबा "हो" म्हणाले. डॉक्टरांनी धागा खाली ठेवला, तरी बाबांचे डोळे मिटलेलेच. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, केव्हा सुरू करताय?"

परीक्षा संपली होती. बाबांना ती सुरू झालेलीच कळली नव्हती.

रिक्षातून परत येताना बाबा म्हणाले, "पण माझे पाय तर उलट बरे झाले होते." खरंच, तीन-चार वर्षांपूर्वी रात्री त्यांच्या तळव्यांची इतकी आग व्हायची की ते पाय चादरीबाहेर काढून गार फरशीवर ठेवत. मुंग्या यायच्या, कुणीतरी टाचण्या टोचतंय असं वाटायचं. मग हळूहळू सगळं थांबलं. बाबांना वाटलं, एका नातेवाइकानं दिलेल्या काढ्याचा गुण आला. आईनं देवाला नारळ फोडला.

आग थांबली ती नसा बऱ्या झाल्या म्हणून नव्हती. ती थांबली कारण आग सांगणाऱ्या नसाच उरल्या नव्हत्या. एवढी एक गोष्ट आम्हाला वेळेवर माहीत असती, तर पुढचं बरंच काही टळलं असतं. म्हणूनच हा लेख लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरसमोर दिवसभर बसणारी एक साधी नोकरदार मुलगी आहे. पण त्या दिवशी निघताना बाबांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला होता, "या नसा परत येतात का?" डॉक्टर म्हणाले, "थोड्या येतात, हळू येतात. तोवर पाय सांभाळा." त्या "थोड्या" आणि "हळू"मध्ये नेमकं काय आहे, हे समजून घ्यायला मी मग बरंच वाचलं.

कातडीतलं जाळं

आपल्या त्वचेत नसांच्या टोकांचं एक अतिशय बारीक जाळं असतं. जाड नसा आणि बारीक नसा अशी त्यांची ढोबळ विभागणी करता येते. कंप, दाब आणि पाय कुठल्या स्थितीत आहे याची जाणीव जाड नसा देतात. दुखणं, चटका, गारवा ही कामं बारीक नसांची. घामाच्या ग्रंथींना हुकूम देणाऱ्या नसाही बारीकच. या बारीक नसांची टोकं त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरापर्यंत वर चढलेली असतात.

ही टोकं दिसणं सोपं नव्हतं. 1868 साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं माणसाच्या त्वचेच्या कापाला सोन्याच्या क्षारानं रंग दिला. त्याला वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्या नसांच्याच असाव्यात असं त्याला वाटलं. पुढे कळलं की त्या रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी आहेत. याच मुलानं पुढच्या वर्षी, 1869 साली, आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या छोट्या छोट्या पुंजक्यांचं वर्णन केलं. त्यांचं काम काय हे त्याला ठाऊक नव्हतं. आज आपण त्यांना 'लँगरहॅन्सची बेटं' म्हणतो. इन्शुलिन तिथंच तयार होतं. मधुमेहाचं मूळ आणि त्याचा त्वचेतला परिणाम, या दोन्हीच्या अगदी जवळ एकच विशीतला विद्यार्थी पोचला होता, हे वाचून मला गंमत वाटली.

बारीक नसा नीट मोजता यायला मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. नसांमध्ये पीजीपी 9.5 नावाचं एक प्रथिन असतं. त्याला बरोबर चिकटणारा रंग वापरला की सूक्ष्मदर्शकाखाली बारीकातली बारीक नसही उठून दिसते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले विल्यम केनेडी आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले संशोधक यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत पक्की केली. घोट्याच्या साधारण दहा सेंटिमीटर वर, जागा बधिर करून, 3 मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढतात. टाकेही लागत नाहीत. मग एक मिलिमीटर लांबीत किती नसा वरच्या थरात शिरल्या आहेत ते मोजतात.

याचा एक व्यावहारिक उपयोग सांगते. पायांची आग होते म्हणून अनेक जण नसांची विजेवर चालणारी तपासणी करून घेतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. मग घरचे म्हणतात, "काही नाही हो, मनाचे खेळ." ती तपासणी जाड नसांची असते. मधुमेहात अनेकदा आधी बारीक नसा जातात. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही पाय खरोखर जळत असतात. आपल्या घरातलं कुणी असं म्हणत असेल तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.

सगळ्यात लांबची नस आधी

मधुमेहात नसा का जातात? कारणं एकापेक्षा जास्त आहेत. स्नायूंच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्शुलिन लागतं, नसांच्या पेशींना लागत नाही. म्हणून रक्तात साखर वाढली की ती नसांमध्येही वाढते. तिथं ती नको त्या वाटेनं वापरली जाते, पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा थकते, आणि प्रथिनांना साखर चिकटून ती निकामी होतात. शिवाय नसांना रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या रक्तवाहिन्याही खराब होतात. रक्तातली चरबी, वजन, तंबाखू यांचाही हात असतो.

पायापासूनच सुरुवात का होते? अंगठ्याला जाणाऱ्या नसेची मूळ पेशी असते कमरेपाशी, मणक्याजवळ. तिथून अंगठ्याच्या टोकापर्यंत एकाच पेशीचा धागा जातो, जवळजवळ एक मीटर लांब. त्या टोकाला लागणारा बराचसा माल कमरेपासून पाठवावा लागतो. नळाच्या लाइनीत पाणी कमी झालं की सगळ्यात शेवटच्या घराची तोटी आधी कोरडी पडते, तसंच हे. म्हणून आधी बोटं, मग तळवा, मग घोटा, असा बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो. पोटऱ्यांपर्यंत आला की साधारण त्याच सुमारास हाताच्या बोटांची पाळी येते.

मधुमेह असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. आता आपल्याकडचे आकडे पाहा. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सगळ्या राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के. आपल्या गोव्याच्या वाचकांनी तर हा लेख आई-वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवावा.

मिरचीचा प्रयोग

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. नसा परत येतात का?

हे तपासायचं तर माणसाच्या त्वचेतल्या नसा आधी घालवायला हव्यात आणि त्या किती वेगानं परत येतात ते मोजायला हवं. जॉन्स हॉपकिन्सच्या मायकेल पॉलिडेफ्किस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी वापरलं आपल्या स्वयंपाकघरातलं औषध, म्हणजे मिरची. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो ते कॅप्सेसिन. संकेश्वरी मिरचीचा ठेचा करताना हात का भगभगतात, याचं उत्तर 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. बारीक नसांच्या टोकांवर चटका ओळखणारी एक खास कडी असते आणि कॅप्सेसिन नेमकी तीच उघडतं. म्हणून तिखट 'गरम' लागतं. या कामासाठी त्यांना 2021 सालचं नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं.

कॅप्सेसिन भरपूर प्रमाणात त्वचेवर बांधून ठेवलं की त्या जागेवरच्या बारीक नसांची टोकं झडून जातात. निरोगी माणसात काही आठवड्यांत, महिन्यांत ती पुन्हा उगवतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात स्वयंसेवकांच्या मांडीवर कॅप्सेसिन लावलं आणि नंतर ठरावीक दिवसांनी त्वचेचे बारीक तुकडे काढून परत आलेल्या नसा मोजल्या.

निकाल दोन होते. पहिला, मधुमेह आणि नसांचा त्रास असलेल्यांमध्ये वाढ मंद होती. हे अपेक्षितच होतं. दुसरा निकाल वाचून मात्र मी थबकले. ज्यांना मधुमेह होता, पण नसांचा काहीही त्रास नव्हता, त्यांच्यातही नसा मंद गतीनंच परत येत होत्या. म्हणजे पाय अगदी ठणठणीत वाटत असतानाच दुरुस्ती करणारं खातं ढिलं पडलेलं असतं. रोजची झीज तर प्रत्येकाच्याच नसांची होते. झीज जास्त आणि भरपाई कमी असं वर्षानुवर्षं चाललं की एक दिवस चप्पल रस्त्यात राहते.

त्याच विद्यापीठात 2011 साली आणखी एक प्रयोग झाला. आधी 3 मिलिमीटरचा तुकडा काढायचा, जखम भरू द्यायची, आणि काही काळानं तीच जागा मधोमध ठेवून 4 मिलिमीटरचा तुकडा काढून पाहायचं. नव्या त्वचेत नसा, नसांना वाट दाखवणाऱ्या श्वान पेशी (श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही!) आणि रक्तवाहिन्या या तिन्ही किती वाढल्या ते मोजलं. मधुमेहींमध्ये तिन्हींची वाढ कमी पडली. वेल चढायचा तर मांडव हवा, पाणीही हवं. इथं वेल, मांडव आणि पाणी तिन्ही कमी.

मग आशा कुठं आहे?

आहे. आणि ती औषधाच्या बाटलीत नाही, म्हणून लोकांना ती फारशी आवडत नाही.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि नसांचा त्रास सुरू झालेल्या 32 जणांना वर्षभर आहार आणि व्यायामाचं नेमकं मार्गदर्शन देण्यात आलं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षाच्या शेवटी त्वचेतल्या नसांची संख्या वाढलेली दिसली, दुखणंही कमी झालं. वाढ घोट्यापेक्षा मांडीवर जास्त होती, आणि ते साहजिक आहे, कारण मांडी मुळाच्या जवळ. पुढे याच गटानं मधुमेह आहे पण नसांचा त्रास नाही अशा लोकांना वर्षभर देखरेखीखाली व्यायाम करायला लावला. त्यांच्या घोट्याजवळच्या नसा वाढल्या. ज्यांना फक्त सल्ला दिला होता, त्यांच्या वाढल्या नाहीत.

शेवटचं वाक्य मी आमच्या फ्रीजवर लिहून ठेवलं आहे. नुसता सल्ला ऐकून नसा वाढत नाहीत.

साखर आटोक्यात ठेवण्याचा फायदा किती? टाइप वन मधुमेहात फार मोठा. 1993 साली जाहीर झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणामुळे नसांचा आजार होण्याचं प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. आपल्या घरांत जास्त दिसणाऱ्या टाइप टूमध्ये एवढा मोठा फरक दिसलेला नाही. तिथं साखरेबरोबर वजन, चरबी, रक्तदाब, चालणं हे सगळंच सांभाळावं लागतं.

इथं दोन गोष्टी डॉक्टरांना जरूर विचारा. एक, मेटफॉर्मिनची गोळी अनेक वर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्याच्या कमतरतेनंही नसा खराब होतात. शाकाहारी घरांत हा धोका जास्त. रक्ताची साधी तपासणी पुरते आणि उपाय सोपा आहे. दुसरी, खूप वाढलेली साखर एकदम झपाट्यानं खाली आणली तर काही जणांचे पाय उलट भयंकर जळू लागतात. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं टप्प्याटप्प्यानं उतरवायची. स्वतःच्या मनानं गोळ्या वाढवून "महिन्याभरात शुगर नॉर्मल" करायला जाऊ नका.

आणि हो, मिरचीबद्दल वाचून कुणी पायाला ठेचा चोळू नये. कॅप्सेसिनचे मोजून बनवलेले पट्टे दुखणं कमी करायला वापरतात, पण डॉक्टरांच्या हातून.

वेल्लोरचा धडा

बाबांची जखम भरायला नऊ आठवडे लागले. एवढे दिवस त्यांना चवड्यावर भार न येणारं खास पादत्राण घालावं लागलं आणि फिरणं बंद. बाबा चिडायचे, "दुखत नाही तर एवढं कशाला?" आई म्हणायची, "दुखत नाही म्हणूनच!"

आईचं हे उत्तर एका मोठ्या डॉक्टरांनी आयुष्यभर सांगितलं होतं. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. 1946 पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करत होते. कुष्ठरोगाचं नाव निघालं की मराठी माणसाला बाबा आमटे आणि आनंदवन आठवतं. त्या काळी समज असा होता की या रोगात हातापायाची बोटं आपोआप सडून झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की तसं नाही. रोगानं नसा जातात, दुखणं कळेनासं होतं, आणि मग चटके, खिळे, टोचणारी चप्पल यांनी न कळत झालेल्या जखमा बोटं खातात. वेदना ही शिक्षा नसून पहारेकरी आहे, हा त्यांच्या कामाचा सार. पुढे 1966 साली ते अमेरिकेत कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हाच धडा मधुमेहींच्या पायांना लागू झाला. बाबांच्या पायाला लावला तो 10 ग्रॅम दाबाचा धागा पायासाठी ठरला तोही कारव्हिलच्याच अभ्यासातून. आणि बधिर पायांसाठी आपल्याकडे ज्या मऊ एमसीआर रबराच्या चपला मिळतात, त्यांचं मूळ वेल्लोरच्या परिसरातलं.

घरात काय करायचं?

आम्ही जे करतो ते सांगते.

रोज रात्री बाबांचे तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसह. बाबांना वाकता येत नाही, म्हणून खाली आरसा ठेवतो किंवा कुणीतरी पाहतं. फोड, लाली, भेग, घट्टा, काहीही नवं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोटो.

घाम आणणाऱ्या नसा गेल्यामुळे पाय कोरडे पडतात आणि टाचांना भेगा पडतात. रोज खोबरेल तेल किंवा क्रीम, पण बोटांच्या मध्ये नाही.

पाण्याचा अंदाज पायानं कधीच घ्यायचा नाही, कोपरानं घ्यायचा. गरम पाण्याची पिशवी, शेगडीजवळ पाय शेकणं, मिठाच्या कढत पाण्यात पाय बुडवणं बंद. कुरूप किंवा घट्टा ब्लेडनं कापायचा नाही, भेगांना बिब्बा लावायचा नाही.

घरातही अनवाणी चालायचं नाही. हे आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं. देवघरापुरती वेगळी स्वच्छ, मऊ चप्पल ठेवली तेव्हा बाबा तयार झाले. देवळात जायचं तर सकाळी किंवा संध्याकाळी, मोजे घालून. चप्पल घालण्याआधी हात घालून आत खडा आहे का ते पाहायचं. पायाची जाणीव गेलेली असेल तर मागच्या बाजूला पट्टा असलेलं पादत्राणच हवं.

व्यायाम हवाच, पण पायाला उघडी जखम असताना चालण्याचा व्यायाम नको. तेव्हा बसून करायचे व्यायाम डॉक्टर सांगतात.

आणि एक सोपी परीक्षा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ती अशासाठी बनवली की घरातलं कुणीही करू शकेल. साधन काही नाही, फक्त आपली तर्जनी. समोरच्याला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना एकेकदा अलगद, एक-दोन सेकंद बोट टेकवा. दाबू नका, चोळू नका, गुदगुल्या करू नका, आणि एकाच टोकाला दोनदा लावू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे. डॉक्टरांकडे जा. ही परीक्षा चांगली आली तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचेच.

माझा रिपोर्ट

बाबांबरोबर जाता जाता मीही रक्त दिलं. वय चौतीस, तब्येत उत्तम असा माझा समज. एचबीएवनसी 6.1 निघालं. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा. युटाच्या अभ्यासातले ते 32 जण याच उंबरठ्यावरचे होते. म्हणजे ही गोष्ट फक्त बाबांची नव्हती. मी दादालाही फोन केला. त्यानं आठवडाभर टाळाटाळ केली, मग तपासलं. त्याचं 6.3 निघालं. या वेळी ग्रुपवर कुणी हसरा चेहरा टाकला नाही.

इंदूरमध्ये राहून पोहे-जिलेबी सोडणं म्हणजे काय, हे इंदूरकरालाच कळेल. मी पोहे ठेवले, जिलेबी महिन्यातून एकदा केली, सराफ्यातली रात्रीची फेरी सणासुदीपुरती ठेवली. ऑफिसात चौथ्या मजल्यावर जिन्यानं जाते. बाबांची जखम भरल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं, नवी पादत्राणं घालून, आम्ही दोघं रोज संध्याकाळी चालतो. डेअरीच्या वळणापर्यंत आणि पुढे. वर्षानं माझा आकडा 5.8 आला.

बाबांचं काय? नायलॉनच्या धाग्याची परीक्षा पुन्हा झाली. "हो" अजून दोनच. डॉक्टर म्हणाले, तळव्यावर फार आशा धरू नका, जे आहे ते टिकलं तरी जिंकलो. पण परवा आंघोळीहून येऊन बाबा म्हणाले, "आज पाणी पोटरीला गार लागलं गं. बऱ्याच दिवसांनी." हा नसांचा परिणाम की मनाचा, मी विचारलं नाही. वाढ मुळाच्या बाजूनं आधी दिसते, एवढं मला माहीत होतं.

येत्या पाडव्याला, दसऱ्याला आपण सगळे घरातल्या मोठ्यांना वाकून नमस्कार करू. वर्षानुवर्षं मी बाबांच्या पायांना हात लावत आले, पण पाय पाहिले कधी नाहीत. तुम्ही वाकाल तेव्हा क्षणभर थांबा. तळवा पाहा, सहा बोटांना बोट लावा, आणि विचारा, "कळलं का?"